लिस हार्टेलची पक्की मांड

पोलिओ म्हटले की आजच्या तरुण आईवडिलांना आठवतात ते बूथवर बाळाच्या तोंडात पडणारे दोन थेंब आणि बोटाला लागणारी शाई. पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना मात्र त्याआधीचेही काही आठवत असेल. वर्गातला एखादा मुलगा, त्याच्या पायाला लोखंडी पट्ट्यांचे कॅलिपर, मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला बसून इतरांचा खेळ पाहणारा. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात आढळला. मार्च २०१४ मध्ये आपल्यासह जागतिक आरोग्य संघटनेचा सारा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यामुळे या आजाराची दहशत काय होती, हे आता सांगूनच कळते.

लस नव्हती त्या काळात युरोपातही दर उन्हाळ्याच्या शेवटी ही दहशत पसरत असे. अशाच एका साथीच्या मोसमात, सप्टेंबर १९४४ मध्ये, डेन्मार्कमधल्या २३ वर्षांच्या एका तरुणीला पोलिओने गाठले. तिचे नाव लिस हार्टेल. आज जगभर अपंग मुले आणि माणसे घोड्यावर बसून उपचार घेतात, खेळतात, स्पर्धाही जिंकतात. त्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. पण हे होऊ शकते, हे जगाला उघड्या मैदानात दिसले ते लिसमुळे.

लिसचा जन्म १४ मार्च १९२१ रोजी कोपनहेगनजवळच्या हेलेरुप या गावी झाला. माहेरचे आडनाव होल्स्ट. घोड्यांची आवड लहानपणापासूनची. तिचा खास प्रकार म्हणजे ड्रेसाज. यात शर्यत नसते, अडथळे ओलांडायचे नसतात. ठरावीक मापाच्या मैदानात घोड्याला ठरलेल्या क्रमाने वेगवेगळ्या चाली चालवून दाखवायच्या असतात. पाऊल तिरके टाकणे, धावता धावता पुढचा पाय बदलणे, जवळजवळ जागच्या जागी वळणे, असे सगळे त्यात येते. स्वाराने घोड्याला दिलेला हुकूम पाहणाऱ्याला दिसता कामा नये, हे यातले खरे कसब. तोंडाने बोलायला परवानगी नसते. जे सांगायचे ते लगामाच्या हलक्या ओढीने, बैठकीच्या भाराने आणि मुख्यतः पायांनी सांगायचे. पोटरीचा दाब आणि टाचेचा स्पर्श हीच या खेळाची भाषा.

१९४१ मध्ये लिसचे लग्न फिन हार्टेल यांच्याशी झाले. देशावर तेव्हा जर्मनीचा ताबा होता. युद्धाच्या त्या दिवसांतही तिची रपेट सुटली नाही. १९४३ आणि १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे ती ड्रेसाजमध्ये डेन्मार्कची विजेती ठरली. घरात एक लहान मुलगी होती आणि दुसऱ्या बाळाची चाहूल लागलेली होती. तेवढ्यात हा आजार आला.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात शिरतो आणि आतड्यात वाढतो. बहुतेकांना काहीच होत नाही, काहींना थोडा ताप आणि अंगदुखी होऊन ते बरे होतात. साधारण दोनशे संसर्गांमागे एखाद्याच्या बाबतीत विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मारून टाकतो. त्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. ज्या स्नायूंचा धनी असा मरतो ते स्नायू लुळे पडतात आणि हळूहळू वाळत जातात. श्वासाचे स्नायू सापडले तर जीवही जातो. वय वाढलेले असताना हा आजार झाला तर लकवा येण्याची शक्यता लहान मुलांपेक्षा जास्त असते आणि गरोदरपणात ती आणखी वाढते. लिसच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. काल-परवापर्यंत देशातल्या उत्तम स्वारांत गणली जाणारी ही तरुणी अंथरुणाला खिळली. पायांबरोबर हातांचेही बळ गेले.

पुढे काय, याबद्दल डॉक्टरांना फारशी आशा नव्हती. कुबड्यांवर चालता आले तरी पुष्कळ, असा त्यांचा अंदाज होता. घोड्याचा तर विषयच नव्हता. त्या काळचे वैद्यकीय ज्ञान पाहता त्यात गैर काही नव्हते. पण लिसने मनाशी काही वेगळेच धरले होते. १९४५ मध्ये तिने मुलीला जन्म दिला. बाळ निरोगी होते. अंगात बळ नसलेल्या आईसाठी हा मोठाच दिलासा असणार.

मग सुरू झाले ते कंटाळवाणे, मोजूनमापून पुढे सरकणारे काम. आधी हात उचलणे, मग रांगणे, मग कुबड्यांच्या आधाराने उभे राहणे. नवरा आणि आई सोबतीला होते. घरात रांगायला शिकणारी दोन माणसे असावीत, एक बाळ आणि दुसरी त्याची आई, असे ते दिवस. पोलिओनंतर शक्ती काही प्रमाणात परत येते, त्यामागे शरीराची एक युक्ती असते. ज्या चेतापेशी वाचलेल्या असतात त्या नव्या फांद्या फोडतात आणि पोरक्या झालेल्या शेजारच्या स्नायूतंतूंना आपल्या ताब्यात घेतात. एक पेशी दोघा-तिघांचे काम करू लागते. व्यायामाने हे तंतू जाड आणि बळकट होतात. पण जिथे एकही पेशी वाचलेली नसते तिथे कितीही कष्ट केले तरी काही उगवत नाही. लिसचे हात सावरले, मांड्यांमध्ये काही बळ आले. गुडघ्याखाली मात्र काहीच परतले नाही. पुढे सहा दशकांहून अधिक काळ ती जगली, तेवढा काळ तिचे पाय गुडघ्याखाली तसेच लुळे राहिले.

हे नीट लक्षात घेतले पाहिजे. लिसची गोष्ट पुष्कळदा अशी सांगितली जाते की जिद्दीपुढे पोलिओ हरला. पोलिओ हरला नाही. त्याने जे नेले ते नेलेच. लिसने केले ते हे, की उरलेल्या शरीराचा हिशेब मांडला आणि त्यात घोडेस्वारी कशी बसवता येईल ते शोधले.

तो हिशेब कसा होता? तिची पोटरी आणि टाच गेली होती, म्हणजे ड्रेसाजची निम्मी भाषा गेली होती. घोड्यावर चढता-उतरताना तिला माणसांची मदत लागे. पण पोलिओत एक गोष्ट शाबूत राहते. हा आजार हालचालीच्या पेशी मारतो, स्पर्शाच्या नव्हे. घोड्याची पाठ खाली कशी हलते आहे, तो कुठल्या बाजूला कलतो आहे, त्याचा कोणता पाय उचलला जातो आहे, हे तिला पूर्वीसारखेच कळत होते. कंबर, पाठ आणि मांड्या कामाच्या होत्या. मराठीत आपण मांड पक्की असणे म्हणतो. लिसच्या हाती उरली होती ती नेमकी मांडच. शरीराचा भार किंचित इकडे-तिकडे करून, पाठीच्या कण्याच्या ताणातून, लगामावरच्या बोटांतून तिने घोड्याशी बोलायची नवी रीत बसवली. त्यासाठी घोडाही तसा हवा होता, आणि त्यालाही ही भाषा पहिल्यापासून शिकवावी लागणार होती. ज्युबिली नावाची घोडी तिला साथ देणार होती.

१९४७ मध्ये, आजारानंतर तीनच वर्षांनी, लिस स्कँडिनेव्हियन अजिंक्यपद स्पर्धेत उतरली आणि महिलांच्या ड्रेसाजमध्ये दुसरी आली. पुढच्या वर्षी लंडनला ऑलिंपिक होते. तिथे मात्र तिला जाता आले नसते. कारण तिचे पाय नव्हे. ऑलिंपिकमधली घोडेस्वारी तोपर्यंत फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी राखीव होती. हा नियम किती कडक होता पाहा. १९४८ मध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्ण जिंकले, पण त्यातला एक स्वार पूर्ण दर्जाचा अधिकारी नव्हता असे नंतर निघाले आणि संघाचे पदक काढून घेतले गेले. जिथे हाताखालच्या दर्जाचा सैनिक चालत नव्हता तिथे दोन मुलींची, कुबड्या घेऊन चालणारी आई कुठून चालणार?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपासून हा नियम बदलला. ड्रेसाज नागरिकांना आणि स्त्रियांना खुले झाले. त्या वर्षी या प्रकारात चार स्त्रिया उतरल्या आणि त्यांत डेन्मार्ककडून लिस होती. वय ३१. पुरुषांसाठी वेगळी आणि स्त्रियांसाठी वेगळी अशी स्पर्धा नव्हती, सगळे एकाच मैदानात, एकाच परीक्षकांपुढे. अपंग म्हणून कोणतीही सवलत नव्हती. तिला ज्युबिलीवर बसवण्यात आले. त्यानंतरची मिनिटे पाहणाऱ्याला फक्त एक स्वार आणि एक घोडी दिसली असेल. हुकूम दिसू नये हीच तर या खेळाची अट, आणि लिसला पायांचा हुकूम देताच येत नव्हता.

सुवर्ण मिळाले स्वीडनच्या आंरी सँ सीर यांना, ५६१ गुणांसह. लिसला ५४१.५ गुण पडले. तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या आंद्रे जूसोम यांच्यापेक्षा अवघा अर्धा गुण जास्त. त्या अर्ध्या गुणाने तिला रौप्यपदक मिळाले. ऑलिंपिकच्या घोडेस्वारीत वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली स्त्री. पदक घ्यायची वेळ आली तेव्हा तिला घोडीवरून उतरून मंचावर चढायचे होते आणि ते तिला एकटीला जमणारे नव्हते. विजेत्या सँ सीर यांनी तिला हात देऊन वर नेले. हरलेल्या आणि जिंकलेल्या दोन प्रतिस्पर्ध्यांचा तो क्षण ऑलिंपिकच्या आठवणींमध्ये आजही सांगितला जातो.

या पदकाला लागूनच एक दुसरी घटना घडली. आरोग्याच्या सदरात ती सांगितलीच पाहिजे. लिस हेलसिंकीत जिंकली जुलैच्या अखेरीस. त्यानंतर काही आठवड्यांतच तिच्याच देशाच्या राजधानीत पोलिओची भयंकर साथ पसरली. कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात रोज डझनावारी रुग्ण येऊ लागले. ज्यांच्या श्वासाचे स्नायू लुळे पडत होते त्यांच्यासाठी यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. सुरुवातीला अशा रुग्णांपैकी दहातले आठ-नऊ दगावत होते. तेव्हा ब्यर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने, शस्त्रक्रियेच्या टेबलावर वापरली जाणारी पद्धत वॉर्डात आणली. घशाला छिद्र पाडून नळी घालायची आणि रबरी पिशवी हाताने दाबत फुप्फुसात हवा भरत राहायची. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बसून या पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजचे आयसीयू आणि व्हेंटिलेटर यांची सुरुवात तिथे झाली असे मानले जाते.

म्हणजे एकाच उन्हाळ्यात, एकाच छोट्या देशात, पोलिओपुढचे दोन प्रश्न समोर उभे होते. रुग्णाला जगवायचे कसे, हा पहिला. आणि जगल्यानंतर त्याने जगायचे कसे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रुग्णालयाने शोधले. दुसऱ्याचे एक उत्तर लिस घोडीवर बसून देत होती. तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, साल्क यांची लस आली आणि मग तिसरा, सगळ्यांत मोठा प्रश्न सुटला: हा आजार होऊच कसा द्यायचा नाही.

१९५६ चे ऑलिंपिक मेलबर्नला होते. परदेशी जनावरांबाबतचे ऑस्ट्रेलियाचे नियम फार कडक असल्याने घोडेस्वारीच्या स्पर्धा मात्र स्टॉकहोममध्ये घेतल्या गेल्या. लिस आणि ज्युबिली तिथेही गेल्या. पुन्हा सँ सीर पहिले, पुन्हा लिस दुसरी. पहिल्या पदकाला कोणी योगायोग म्हटले असेल तर त्याचे उत्तर मिळाले. देशातल्या स्पर्धेतही ती एकूण सात वेळा विजेती ठरली. त्यांतली पाच विजेतेपदे पोलिओनंतरची.

हेलसिंकीच्या पदकाचा परिणाम खेळापुरता राहिला नाही. युरोपभर पोलिओतून वाचलेली हजारो मुले होती आणि त्यांच्यासाठी काय करावे, या विचारात असलेले फिजिओथेरपिस्टही होते. नॉर्वेतल्या एल्सेबेट बोड्टकर या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पन्नासच्या दशकात अपंग मुलांना तट्टांवर बसवून व्यायाम देण्यास सुरुवात केली. हळूहळू इतर देशांतही असे प्रयत्न होऊ लागले. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये आणि त्याच वर्षी उत्तर अमेरिकेत अपंगांच्या घोडेस्वारीसाठी राष्ट्रीय पातळीवरच्या संस्था उभ्या राहिल्या. लिस स्वतः पोलिओग्रस्तांसाठी निधी जमवत होती, स्वारी शिकवत होती आणि या उपचाराचा पुरस्कार करत होती. नेदरलँड्समध्ये अपंगांना घोडेस्वारी शिकवणारी एक संस्था तिच्या नावाने आहे.

घोड्यावर बसल्याने नेमके काय होते, हे आता बऱ्यापैकी समजले आहे. घोडा साध्या चालीने चालतो तेव्हा त्याच्या पाठीला दर मिनिटाला सुमारे शंभर हलके झोके बसतात. हे झोके वर-खाली, पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे अशा तिन्ही दिशांनी असतात. त्यामुळे स्वाराची कंबर जशी हलते तशीच ती माणूस स्वतःच्या पायांनी चालताना हलते. ज्या मुलाने आयुष्यात एक पाऊल टाकलेले नाही त्याच्या कंबरेला आणि मेंदूला चालण्याचा हा ताल प्रथमच कळतो. प्रत्येक झोक्याबरोबर तोल जातो आणि तो सावरण्यासाठी पाठ-पोटाचे स्नायू काम करतात. वीस मिनिटांच्या फेरीत हा व्यायाम दोन हजार वेळा होतो आणि मुलाला तो व्यायाम वाटत नाही. पाय फाकवून बसल्याने मांडीचे ताठरलेले स्नायू ताणले जातात, घोड्याच्या अंगाची ऊबही त्यांना सैल करते.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या पंधरा मुलांवर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास याबाबत बोलका आहे. काही मुलांना आठ मिनिटे घोड्यावर बसवले, काहींना तेवढाच वेळ एका पिंपावर. बसण्याची ढब तीच, फक्त पिंप हलत नव्हते. घोड्यावर बसलेल्या मुलांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंचे काम अधिक समतोल झाले, पिंपावरच्या मुलांचे तसे झाले नाही. म्हणजे गुण बसण्यात नाही, हलण्यात आहे. स्वमग्न मुलांवरचा, १२७ जणांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांच्या घोडेस्वारीनंतर त्यांची चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, बोलणेचालणे सुधारले. तरीही बरेचसे अभ्यास लहान आहेत. हा उपचार फिजिओथेरपी, औषधे किंवा शस्त्रक्रिया यांची जागा घेत नाही. त्यांच्या जोडीने तो करायचा असतो.

वाचकांनी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट घोड्याच्या चालीचा उपचार म्हणून वापर करतात ती हिप्पोथेरपी. प्रशिक्षित शिक्षक अपंग व्यक्तीला, तिच्या गरजेप्रमाणे साहित्य आणि पद्धत बदलून, स्वारी शिकवतो ती उपचारात्मक किंवा अनुकूलित घोडेस्वारी. आणि तिसरी म्हणजे स्पर्धा. १९९६ च्या अटलांटा पॅरालिंपिकपासून पॅरा-ड्रेसाज हा पॅरालिंपिकचा खेळ आहे.

आणि सगळ्यांनाच घोडा चालतो असे नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असतो. अशांना झोके धोकादायक ठरू शकतात. आटोक्यात नसलेली फेफरे, निखळलेला खुबा, फार ठिसूळ हाडे, पाठीचा मोठा बाक, बसण्याच्या जागी झालेल्या जखमा, घोड्याच्या केसांची ॲलर्जी, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. डोक्याला हेल्मेट, घोडा धरणारा एक माणूस आणि लागेल तसे दोन्ही बाजूंना आधार देणारे सहायक, अशी रीतसर व्यवस्था लागते. घोडाही शांत, शिकवलेला आणि निरोगी हवा. थंड हवेच्या ठिकाणी भाड्याने मिळणाऱ्या घोड्यावर अपंग मुलाला एक चक्कर मारून आणणे म्हणजे उपचार नव्हे. हौस म्हणूनही तो धोका पत्करू नये.

लिसला १९९२ मध्ये डेन्मार्कच्या क्रीडा क्षेत्रातल्या मानाच्या यादीत स्थान मिळाले. २००५ मध्ये देशाच्या आजवरच्या दहा सर्वोत्तम खेळाडूंमध्ये तिची गणना झाली. १२ फेब्रुवारी २००९ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, तिचे निधन झाले. तोवर डेन्मार्कमधून पोलिओ केव्हाच हद्दपार झाला होता.

पोलिओ गेला तरी तिने दिलेले उत्तर जुने झालेले नाही. सेरेब्रल पाल्सी आहे, अपघातात मणक्याला इजा झालेली माणसे आहेत, पक्षाघातातून उठलेली आहेत. यांतल्या अनेकांना डॉक्टर खरे तेच सांगतात, की गेलेले बळ पूर्ण परत येणार नाही. घरच्यांना तिथे गोष्ट संपल्यासारखी वाटते. लिसचेही पाय परत आले नव्हते. तिने काय गेले ते मान्य केले आणि काय उरले ते नीट तपासून पाहिले. स्पर्श उरला होता, कंबर उरली होती, बसण्याची मांड उरली होती. आपल्या घरातल्या माणसाचे काय उरले आहे, हे असेच एकदा तज्ज्ञांसोबत बसून तपासावे. पुढचे बरेच काही त्यावर ठरते.